माणसांत तिसरी

द्वारकाआक्का माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती भांडायला.

सुरतेच्या पांडेसऱ्यात तेव्हा माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही भाषांत अर्ज लिहून मिळतील, अशी पाटी मीच हाताने रंगवली होती. आदल्या दिवशी कुणी तरी एका मिलमालकाच्या नावाचा अर्ज टाइप करून नेला होता. दुसऱ्या दिवशी तोच कागद हातात धरून एक बुटकी, सावळी, पन्नाशीची बाई काउंटरसमोर उभी राहिली.

"हे तू लिहिलं का भाऊ?"

"हो. काही चुकलं का?"

"वर काय लिहिलंय ते वाच."

"विनंती अर्ज."

"मी विनंती कधी केली?"

मी म्हटलं, "मावशी, अर्जावर तसं लिहायची पद्धत असते."

"बायांच्या संडासाला कडी पायजे आम्हाला. एकीनं आत जायचं आनि दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं. दिवसभर पाणी पीत नाहीत बाया, त्या संडासाच्या भीतीनं. याची विनंती करायची? खोड ते. 'मागणी' लिही."

मी 'मागणी' लिहिलं. शेवटी 'कृपया' होतं, तेही आपणहून काढलं. तिने कागद वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला, 'कृपया' गेल्याचं तिच्या लक्षात आलं आणि ती एकदम हसली. "हुशार शेस तू," म्हणाली. तिथून आमची ओळख.

पुढचं मला दुसऱ्यांकडून कळलं. अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांत आक्काला कामावरून कमी केलं आणि महिन्याभरात संडासाला कडी बसली. कुणी हळहळायला आलं तर ती सांगायची, "माझी नोकरी गेली आनि कडी आली. सौदा वाईट नही."

आक्का मूळची धुळ्याकडची. लग्न होऊन सुरतेला आली आणि मिलच्या फोल्डिंग खात्यात वीस-बावीस वर्षं साड्या तपासत राहिली. कापडातली खोट शोधायची सवय तिच्या डोळ्यांत इतकी मुरली होती, की कुणाच्याही अंगावरची साडी चिमटीत धरून ती सांगायची, "ही पलसाण्याच्या प्रोसेस मिलची. आपल्याकडं असा काळा रंग चढत नही." पांडेसऱ्याच्या खाडीवरून जाताना पुलावर थांबून खाली मिलच्या रंगाचं पाणी बघायची आणि हवामान सांगावं तसं सांगायची, "आज मरून रंग चालू शे." नोकरी गेल्यावर तिने घरी धागा कटिंगचं काम घेतलं. भरतकाम केलेल्या साडीच्या मागे लोंबणारे धागे कापायचे, गठ्ठ्याने. त्यासाठीची छोटी कात्री कायम तिच्या कमरेला खोचलेली असायची, आणि बोलता बोलता समोरच्याच्या बाहीचा, कॉलरचा सुटलेला धागा ती कापून टाकायची. विचारायची नाही. माझ्या बऱ्याच शर्टांची बटणं तिच्यामुळे वाचली आणि दोन-तीन तिच्यामुळेच गेली.

तिचा नवरा नामदेवदादा. जन्म लूमवर गेल्यामुळे कानाने जवळजवळ बहिरा झालेला, आणि स्वभावाने इतका शांत की बहिरेपण त्याला शोभून दिसायचं. आक्का लोकांची कामं करत फिरायला लागली तेव्हा घरातली भाकरी त्याने आपणहून हातात घेतली. उंबऱ्याशी परात घेऊन बसायचा आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायचा. चाळीतले पुरुष जाता-येता चेष्टा करत. दादाला ती ऐकू येत नसे. त्याला वाटे, भाकरीचं कौतुक चाललंय. तो हसून मान डोलवायचा.

निवडणुकीची गोष्ट सुरू झाली ती मतदारयादीवरून. आमच्या भागात खान्देशची हजारो माणसं, पण बहुतेकांची नावं गावच्या यादीत. आक्काने एक दिवस दुकानात बसून हे शोधून काढलं आणि नंतर तिला दुसरं काही सुचेना. गल्लीत जो भेटेल त्याला उभं करून तिची अहिराणीत उलटतपासणी सुरू व्हायची.

"तुनं मत कोठे शे?"

"गावले."

"आनि तू कोठे शेस?"

"आठे."

"मंग नळले पानी आठे पायजे का तठे?"

नळाला पाणी इथे हवं की तिथे, असं विचारून आक्का त्यांना हाताला धरून माझ्या दुकानात आणायची. मी फॉर्म भरायचो, फोटो चिकटवायचो. ओडिशाचे, बिहारचे, मराठवाड्याचे लोकही येऊ लागले. आक्का त्यांच्याशी हिंदी बोलायची. तिच्या हिंदीला व्याकरण नव्हतं, पण तिचं म्हणणं कुणाला कळलं नाही असं मी कधी पाहिलं नाही.

फक्त तुकारामआप्पांना तिने सोडलं. सत्तरीचे आप्पा वॉचमन होते. त्यांनाही तिने धरून आणलं होतं. फॉर्म अर्धा भरून झाल्यावर ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "नको रे बाबा. शेत गेलं, घर पडलं. गावात माझं म्हणून एक नाव राहिलंय, त्या यादीतलं. तेही काढून आणू का?"

मला वाटलं, आक्का आता नळाचा प्रश्न विचारणार. पण तिने फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला आणि घडी करून आप्पांच्या खिशात ठेवला. "राहू द्या आप्पा. मतदानाला मात्र गावी जायचं हं. तठलं पन कोनी पाहायला पायजे." पुढे आप्पा खरोखर मतदानासाठी गावी गेले, आणि रजा मिळवून द्यायला आक्का त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून आली.

विधानसभेची निवडणूक लागली तेव्हा एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांचे दोन-चार विद्यार्थी आक्काला भेटायला आले. पुरोगामी विचारांची मंडळी. कामगार वस्तीतून एखादी बाई उभी राहिली पाहिजे, असं त्यांचं बरेच दिवस चाललं होतं. सर गुजराती, सज्जन, हळू आवाजात बोलणारे. पण बोलायला लागले की 'शोषण', 'परिवर्तन', 'व्यवस्था' असे शब्द एकामागून एक यायचे. आक्काने पाच-दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, ही वेवस्था कुठं बसते? तिची ऑफिसची वेळ काय? म्हणजे जाऊन भेटता येईल." विद्यार्थी हसले. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बेन, आ सवाल तो मने कोईए पूछ्योज नथी." हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्या दिवसापासून सर तिचे पक्के झाले.

आक्का उभी राहायला तयार झाली त्याचं कारण मात्र अगदी साधं होतं. आमच्या आमदारांच्या कार्यालयात तिने कितीदा खेटे घातले असतील, आणि दर वेळी उत्तर एकच, साहेब मीटिंगमध्ये आहेत. "रोज साहेबाला शोधन्यापेक्षा आपनच साहेब झालेलं बरं," ती म्हणाली. "निदान कुठं आहे ते तरी माहीत राहील."

सरांनी बारा पानांचा जाहीरनामा लिहिला. आक्काने तो माझ्या काउंटरवर पसरला, कमरेची कात्री काढली आणि खरोखर कापायला सुरुवात केली. सर समोर उभे. "हे आमदाराच्या हातात नही," म्हणत एक पट्टी खाली. "हे कोनाला समजनार नही," दुसरी पट्टी खाली. शेवटी उरलं ते एका पानावर मावलं: मिलमधल्या बायांना कडीवाला संडास, पिण्याचं पाणी, मुलांना पाळणाघर, घरी काम करणाऱ्या बायांना कामगार म्हणून ओळखपत्र, आणि मराठी-उडिया मुलींना दहावीपर्यंत आपल्या भागात शाळा. गुजरातीत पाळणाघराला घोडियाघर म्हणतात. ते पत्रक वाटल्यावर दोन खान्देशी बाया दुकानात विचारायला आल्या, "आक्का निवडून आली तर मिलमध्ये घोडे बांधनार का?"

अर्ज भरायचा शेवटचा दिवस मी विसरणं शक्य नाही. अपक्ष उमेदवाराला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. आक्काने ते मोठ्या हौसेने निवडले होते. कुणी धुळ्याचा, कुणी जालन्याचा, शेजारची ओडिशाची सबिता, एक उत्तर प्रदेशचे चाचा. दुपारी एकच्या सुमाराला शेवटची तपासणी करताना मला दिसलं, की दहावा सूचक नुकताच कोसाडच्या वसाहतीत राहायला गेला होता आणि नावही तिकडे घेऊन गेला होता. दुसरा मतदारसंघ. सूचक नऊच. तीन वाजता मुदत संपणार.

दुकानात होते ते सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"परकासभाऊ," आक्का म्हणाली, "कर सही."

माझे कान तापले. मी म्हटलं, "आक्का, माझं मत शिरपूरला आहे."

शेकडो लोकांचे फॉर्म मी त्याच खुर्चीत बसून भरले होते. स्वतःचा भरायचा राहून गेला होता. खरं सांगायचं तर राहून गेला नव्हता, मी तो ठेवून दिला होता. आप्पांसारखंच काही तरी माझ्याही मनात असावं. आक्का माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही फाडून खाणार. आणि ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अरे माय! दिव्याखाली अंधार म्हनतात तो हाच का?"

तेवढ्यात समोरच्या दारातून हंसाबेन डोकावल्या. आक्काच्या जुन्या ओळखीच्या. खाखरे विकायच्या. त्यांचा मुलगा सत्ताधारी पक्षाचं काम करायचा, म्हणून त्यांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. हसणं कशाचं चाललंय ते विचारायला आल्या होत्या. हकीकत ऐकली, पिठाचे हात पदराला पुसले आणि माझ्या हातातलं पेन घेतलं.

आक्का म्हणाली, "हंसाबेन, तुमच्या पोराला चालेल का?"

"छोकरो घरे जमवा आवशे ने? त्यारे वात करीश," हंसाबेन म्हणाल्या. पोरगा जेवायला घरी येईलच की, तेव्हा बघू. सही करून पेन परत देताना त्यांनी आक्काला बजावलं, "वोट तने आपीश के नहि, ए पछीनी वात. तू ऊभी तो रहे!" मत देईन की नाही ते नंतर, आधी उभी तर राहा.

अडीच वाजता अर्ज दाखल झाला. त्याच्या एका कोपऱ्यावर पिठाचा अंगठा उमटला होता.

मग चिन्ह. आक्काला शिलाई मशीन हवं होतं. दुसऱ्या एका अपक्षालाही तेच हवं होतं, चिठ्ठी टाकली, ते त्याला गेलं आणि आक्काच्या वाट्याला आली भेंडी. सरांचा चेहरा पडला. "भींडो?" ते दोनदा म्हणाले. आक्का मात्र बाहेर येईपर्यंत खुशीत आली होती. "सर, शिलाई मशीन किती घरांत असते? भेंडी बठ्ठ्यांच्या, सगळ्यांच्या घरात असते. आनि मशीन दाखवायला पोस्टर छापावं लागतं. भेंडी रोज सकाळी हातगाडीवर फिरते."

ते खरं झालं. भाजीवाल्यांनी गंमत म्हणून आरोळ्या बदलल्या. "लो आक्का की भेंडी" असं दारोदार ऐकू यायला लागलं. कुणी तरी तक्रार केली, की अपक्ष उमेदवार मतदारांना भाजी वाटतोय, आणि एका सकाळी व्हिडिओ कॅमेरा घेऊन निवडणुकीचं भरारी पथक गल्लीत उतरलं. हातगाडीवाल्याला त्यांनी घेरलं. तो बिचारा घाबरून म्हणे, "साहेब, मी वर्षानुवर्षं भेंडी विकतोय." आक्का धावत आली. अधिकाऱ्याला म्हणाली, "साहेब, हा माणूस फुकट भेंडी देत असेल तर मलापन बातमी द्या. मी रोज याच्याशी घासाघीस करते, मला कधी नही दिली." अधिकारी तरुण होता. कॅमेरा बंद करायला सांगून त्याने स्वतः पाव किलो भेंडी विकत घेतली.

प्रचारात तिचं एक विचित्र धोरण होतं. जे होणार नाही ते ती आधी सांगायची. "मुलाला नोकरी लावून देशील का?" "नही." "देवळाला पत्रे?" "ते आमदाराचं काम नही." "मग तू करशील काय?" "तिथं उभी राहून विचारीन." तिने एक वही केली होती. लोकांनी सांगितलेले प्रश्न ती त्यात लिहायची. अक्षर मोठं, ओबडधोबड, एका पानावर एकच प्रश्न. बाया आधी लाजायच्या, मग लिहायला लावायच्या. सभेला आलेल्यांपेक्षा वहीत लिहायला आलेल्यांची रांग मोठी, असं मी दोनदा पाहिलं.

प्रचारफेरीत एकदा समोरून विद्यमान आमदारांचा लवाजमा आला. गल्ली अरुंद, दोन्ही बाजू थांबल्या. आमदार हात जोडून पुढे आले. आक्कानेही जोडले. आणि मग सवयीने तिचं लक्ष त्यांच्या कॉलरकडे गेलं, हात कमरेकडे गेला, आणि कुणाला काही कळायच्या आत कात्री बाहेर. अंगरक्षक झेपावला. आक्का म्हणाली, "भाई, हलू नका, धागा लोंबतोय," आणि कच् करून कापला. आमदार स्वतःच्या कॉलरकडे बघत हसले. "बेन, वोट कापवानी छो के धागो?" मतं कापणार की धागा? आक्का म्हणाली, "दोन्ही जमलं तर दोन्ही." त्या दिवशी त्यांचे कार्यकर्तेही हसले.

एवढं सगळं हसण्यावारी चाललेलं असताना एक संध्याकाळ मात्र अशी आली, की आक्काचं हसणं पहिल्यांदा थांबलं.

आमच्या भागातल्या खान्देशी लोकांच्या एका मंडळाचे अध्यक्ष होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या शब्दावर शेकडो घरांचं मत फिरायचं. त्यांनी आक्काला बोलावलं. मी सोबत गेलो. अण्णांनी चहा मागवला आणि सरळ मुद्द्यावर आले.

"द्वारका, तू आपली माणूस. मंडळ तुझ्या मागं उभं राहील. एकच कर. भाषणात सांग, खान्देशी माणसाचा आमदार. आणि त्या पत्रकावर सूचक म्हणून छापलेली ती उडिया बाई, तो भैय्या, ही नावं काढून टाक."

"सबिताचं नाव?"

"जे काय असेल ते."

आक्का म्हणाली, "अण्णा, नामदेव दवाखान्यात होता तेव्हा आठ दिवस माझ्या घरात चूल पेटली नही. सबितानं भात आनून दिला. ती पहिल्या पाळीला जायची आनि त्याच्याआधी डबा ठेवून जायची. तिला काय सांगू, तू आपली नहीस?"

"तसं नाही गं. निवडणुकीपुरतं."

"निवडनुकीपुरतं मानसाला परकं कसं करायचं, ते मला येत नही."

अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरंच समजावून पाहिलं. "भावनेनं निवडणूक होत नाही. विचार कर. उद्यापर्यंत सांग."

आक्काने चहा संपवला, कप बशीवर नीट ठेवला. "उद्यापर्यंत कशाला थांबायचं? तुमचा वेळ जाईल. चहा चांगला होता, अण्णा."

बाहेर पडल्यावर ती भरभर चालत होती. खाडीच्या पुलावर आल्यावर थांबली आणि कठड्याला टेकली. बराच वेळ खाली बघत राहिली. पाण्याचा रंग कोणता ते तिने सांगितलं नाही.

"परकासभाऊ, गेली ना रे मतं?"

"गेली, आक्का."

"लई होती का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्यासमोर ते जमलं नसतं. "लई होती."

तिने पदराने तोंड पुसलं. डोळेही पुसले, पण पटकन, मला दिसू नये असे. "मला वाटत होतं रे, येईन मी निवडून," ती म्हणाली. "तुम्ही बठ्ठे गंमत समजत होतात. मला खरंच वाटत होतं."

खरंच, आम्ही सगळे त्या निवडणुकीकडे थोडं गंमत म्हणूनच बघत होतो. ती एकटी तशी बघत नव्हती. थोड्या वेळाने तिने वही काखेत नीट धरली आणि म्हणाली, "चाल. अजून दोन गल्ल्या ऱ्हायन्यात." आणि त्या दोन्ही गल्ल्या आम्ही केल्या.

निकाल लागला. पहिले दोन पक्षाचे उमेदवार. तिसऱ्या क्रमांकावर 'वरीलपैकी कोणी नाही'. चौथी आक्का. मतमोजणीच्या मांडवाबाहेर आम्ही कागद घेऊन उभे. सर खिन्न, विद्यार्थी खिन्न. नामदेवदादाला निकाल खाणाखुणांनी सांगावा लागला. आक्काने कागदावर बोट ठेवलं. "हा तिसरा कोन?"

मी सांगितलं, "तो कुणी नाही, आक्का. ज्यांना कुणीच पसंत नाही त्यांची मतं."

"म्हनजे तो मानूस नही?"

"नाही."

"मंग मानसांत मी तिसरी ना!" आणि तिने तिथेच नामदेवदादाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "मानसांत तिसरी!" दादाला ते ऐकू आलं. त्याने टाळ्या वाजवल्या. आजूबाजूच्या जिंकलेल्या पक्षाच्या लोकांनीही कशाला ते न कळता वाजवल्या.

आठवड्याभराने ती मला घेऊन निवडून आलेल्या आमदारांकडे गेली. तेच पुन्हा आले होते. या वेळी मात्र साहेब मीटिंगमध्ये नव्हते. तिने वही टेबलावर ठेवली. "भाई, हे मी विचारणार होते. लोकांनी तुम्हाला पाठवलं, आता तुम्हाला विचारावं लागेल. आनि मला एकदा ती जागा बघायची शे, जिथं हे विचारतात." आमदारांनी वही चाळली. थट्टा केली नाही. वाचवेल तेवढं मराठी त्यांना येत होतं. एका पानावर ते बराच वेळ थांबले, एवढं मी पाहिलं.

पुढच्या अधिवेशनात पास आले. पंधरा बाया, सर आणि मी. पहाटे पांडेसऱ्याहून बस निघाली. भाकरी, ठेचा, हंसाबेनचे खाखरे. गांधीनगरला पोचेपर्यंत बायांनी गाणी म्हटली, आणि विधानसभेच्या दारात मोबाइल जमा करताना एकदम शाळेतल्या मुलींसारख्या चिडीचूप झाल्या. आत प्रेक्षकांच्या सज्जात बसताना शिपायाने नियम सांगितले. बोलायचं नाही, वाकायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. आक्का पहिल्या रांगेत. पाय खाली टेकत नव्हते, म्हणून खुर्चीच्या कडेला बसलेली.

प्रश्नोत्तरं चालू होती. बरीचशी कंटाळवाणी. एक बाई पेंगायला लागली. मग आमचे आमदार उठले आणि गुजरातीत विचारलं, की कापड प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत महिला कामगारांसाठी दार आणि कडी असलेली शौचालयं आहेत का, घोडियाघर आहे का, आणि याची तपासणी शेवटची कधी झाली.

दार आणि कडी. इतक्या मोठ्या सभागृहात ते शब्द किती लहान वाटले, आणि किती स्पष्ट. मंत्र्यांनी कागद उलटसुलट केले. माहिती गोळा करून तपासणी करू, असं उत्तर दिलं. सरकारी उत्तर. पण पुढे काही महिन्यांनी तपासणी झाली, आमच्या भागातल्या बऱ्याच मिलमध्ये बायांच्या संडासांना नवी दारं बसली. दोन ठिकाणी घोडियाघरही सुरू झालं. शाळा मात्र अजून झालेली नाही. ओळखपत्रही नाही.

नामदेवदादाचा दमा वाढल्यावर आक्का त्याला घेऊन मुलीकडे नंदुरबारला गेली. मी आता कोसाडला राहतो. माझं नाव इथल्या यादीत आहे. फोनवर आक्का नंदुरबारच्या नगरपालिकेबद्दल इतकी तक्रार करते, की तिथल्या लोकांची मला काळजी वाटते.

पण आक्का म्हटलं की मला तो सज्जाच आठवतो. प्रश्न विचारून आमदार खाली बसले, आणि त्या शांततेत टाळ्यांचा आवाज झाला. मोठा, खणखणीत, एकटीचा. सगळं सभागृह वर बघायला लागलं. आमदारांनी वर पाहिलं आणि ओठांत हसू दाबून मान खाली घातली. शिपाई धावला. एक उंच, कडक इस्त्रीची महिला पोलीस आली आणि आक्काच्या दंडाला धरून तिला बाहेर नेऊ लागली. आक्काने काहीही कटकट केली नाही. पदर सावरला, आमच्याकडे बघून हात हलवला आणि निघाली.

मी दाराजवळच्या खुर्चीत होतो. काचेतून लांबच लांब बोळ दिसत होता, त्यातून त्या दोघी चाललेल्या. आक्का तिच्या खांद्याच्याही खाली. अर्ध्यात गेल्यावर आक्काने मान वर करून तिला काही तरी विचारलं. पोलीसबाई थांबली. आधी तिने चेहरा कडक ठेवायचा प्रयत्न केला. मग तिला हसू आवरेना. दंडावरचा हात सुटला, ती भिंतीला टेकली आणि टोपी काढून हसत राहिली. आक्का समोर उभी, कमरेवर हात ठेवून, उत्तराची वाट बघत.

फोनवर कितीदा विचारलं तरी आक्का सांगत नाही; तिने काय विचारलं होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.